बदलीची बॅग

चेनवाल्यांना 'नाही' म्हणता येत नसे. कुणाला गोड सोसत नाही, कुणाला जिने चढवत नाहीत, तसं त्यांचं हे होतं. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं, बॅग फळीवर आपटली आणि "परवा निघायचंय हो" म्हणालं, की मागे डोक्याइतका ढीग साचलेला असला तरी त्यांच्या तोंडून "होऊन जाईल" एवढंच बाहेर पडायचं. आणि पुष्कळदा होऊनही जायचं. जेव्हा व्हायचं नाही, तेव्हा त्याची झळ गिऱ्हाइकाला लागत नसे. ती लागायची त्यांच्या बायकोला.

दुकान राजधानीच्या जुन्या बाजारात होतं, चपलांच्या दोन दुकानांच्या मधे दाटीवाटीने बसवलेलं. पाटीवर त्यांचं खरं नाव होतं, पण तो रंग केव्हाच उडून गेला होता आणि चेन बसवून घ्यायला येणाऱ्या लोकांनी त्यांना परस्पर नवं नाव देऊन टाकलं होतं. शाळेत त्यांच्या मुलीला बाईसुद्धा "चेनवाल्यांची ना तू?" असं विचारायच्या. काम बॅगांचं. चेन बदलायची, ती ओढायचा रनर बसवायचा, मोडकं चाक काढून नवं लावायचं, फाटलेलं अस्तर मेणाच्या दोऱ्याने शिवायचं. काम संपलं की चेनवर मेणबत्तीचा तुकडा घासायचा आणि ती इकडून तिकडे ओढून बघायची. कुठे अडखळली नाही, तरच बॅग फळीवर. त्यांच्या हातची चेन सहसा परत येत नसे. याचा त्यांना अभिमान होता आणि तो लपवायच्या भानगडीत ते कधी पडले नाहीत.

त्यांच्या बायकोला सगळा बाजार वहिनी म्हणे. वहिनी फळीच्या आतल्या बाजूला बसत आणि दुरुस्तीला आलेली प्रत्येक बॅग आधी त्यांच्या हाताखालून जाई. खिसे तपासायचे, अस्तर उलटं करून झटकायचं, ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं. लोक बॅगेत काय विसरतील याचा नेम नाही. एकेकटे मोजे, किल्ल्या, चष्म्याच्या काड्या, लहान मुलाचा पडलेला दात. वहिनी ते सगळं कागदाच्या पुडीत बांधून त्या त्या बॅगेच्या हँडलला लटकवत आणि पुडी कधी चुकीच्या बॅगेला गेली नाही. एकदा एका साहेबांच्या बॅगेतून बायकी डूल निघाला. बॅग न्यायला साहेबांबरोबर त्यांची बायको आलेली बघून वहिनींनी पुडी सोडली आणि गुपचूप साहेबांच्या मुठीत दिली. चेनवाले ही गोष्ट रंगवून सांगत आणि दर वेळी साहेबांचा चेहरा आधीपेक्षा थोडा जास्त उतरत असे.

राजधानीला समुद्र नाही. वर्षभर कचेऱ्यांमध्ये खुर्च्या झिजवणारी माणसं सुट्ट्या लागल्या की उठून जातात ती एका बेटावर. किनाऱ्यापर्यंत विमान, तिथून लाँच, आणि मग नारळाची झाडं, पांढरी वाळू, निळं पाणी. परत येतात तेव्हा नाकाची सालं निघालेली असतात आणि बॅगांची चाकं वाळूने जाम झालेली असतात. म्हणजे जाण्याआधीही गर्दी चेनवाल्यांकडे आणि आल्यावरही चेनवाल्यांकडेच. सगळं शहर मजा मारायला निघायचं, तेव्हा या दोघांना मान वर करायला फुरसत नसायची.

वहिनींना ते बेट बघायचं होतं. लग्न ठरलं तेव्हाच चेनवाल्यांनी कबूल केलं होतं, "एकदा दुकानाची घडी बसू दे, मग जाऊ." घडी बसली. मुलगी झाली, शिकली, लग्न करून दुसऱ्या शहरात गेली. बेट आपलं जिथल्या तिथे राहिलं.

तयारी मात्र दर वर्षी होई. चेनवाल्यांनी बायकोसाठी स्वतःच्या हाताने एक बॅग बनवली होती. बाहेरून तपकिरी कॅनव्हास, आतून हिरवं अस्तर, पितळी रनर, आणि झाकणाच्या आत दुकानाच्या पत्त्याचा शिवलेला तुकडा. हंगाम तोंडावर आला की वहिनी ती भरून ठेवत. दोघांचे सुती कपडे, टॉवेल, आणि सगळ्यांच्या वर रुंद काठाची गवती टोपी. अशी टोपी घालून समुद्रावर फिरणाऱ्या बायका त्यांनी कॅलेंडरवर पाहिल्या होत्या.

आता दुकानाची एक रीत होती. सांगितल्या दिवशी बॅग तयार झाली नाही, तर गिऱ्हाइकाला बदलीची बॅग द्यायची. आपल्यामुळे कुणाचा प्रवास अडायला नको. चांगलीच रीत, तिला कोण नावं ठेवणार? पण बदलीच्या बॅगा थोड्या आणि 'होऊन जाईल' भारंभार. ऐन हंगामात त्या संपत आणि मग कुणीतरी घामाघूम होऊन दारात उभं राही. "अहो, संध्याकाळचं विमान आहे माझं!" चेनवाले मान खाली घालत. मग हळूच फडताळावरच्या तपकिरी बॅगेकडे बघत. वहिनीच उठत. बॅग खाली काढत, टोपी बाजूला ठेवत, कपड्यांच्या घड्या एकावर एक रचत आणि रिकामी बॅग त्या माणसाच्या हातात देत. "सुखरूप जाऊन या," म्हणत. "आणि पाणी कसं आहे ते सांगा आल्यावर."

घरी जाताना चेनवाल्यांचं तोंड एवढंसं झालेलं असे. वहिनीच त्यांच्या हातावर थोपटत आणि म्हणत, "राहू दे यंदा. पुढच्या वर्षी जाऊ. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

अशी ती बॅग कितीदा तरी बेटावर जाऊन आली. मालकीणबाई दुकानातच. बॅग परत आली की वहिनी हिरवं अस्तर उलटं करत, शिवणीत अडकलेली वाळू कागदावर झटकत आणि काचेच्या बरणीत ओतून ठेवत. पुढेपुढे बरणी बरीच भरली. "बघ, बेटच थोडं थोडं करून आपल्याकडे यायला लागलंय," चेनवाले एकदा थट्टेने म्हणाले. वहिनी हसल्या. त्या हसल्या म्हणून चेनवाल्यांना वाटलं, चाललंय ते बरं चाललंय. बायको हसली की आपण सुटलो असं समजणारे ते काही जगात एकटेच नव्हते. पण म्हणून ते माफ होतं असंही नाही.

मग एका वर्षी पुडी चुकली. एका म्हाताऱ्या मास्तरांच्या कानयंत्राची पुडी एका विमानसुंदरीच्या बॅगेला गेली आणि मास्तर दुकानात येऊन ओरडले. वहिनी भांबावून बघत राहिल्या. चेनवाल्यांनी ते कामाच्या ताणावर घातलं. नंतर एका सकाळी घरचा चहा दाताखाली कचकचला. वहिनींनी साखरेच्या डब्यात बरणीतली वाळू भरून ठेवली होती. त्या समोरच बसल्या होत्या. "साखर बरोबर आहे ना?" त्यांनी विचारलं. "अगदी बरोबर," चेनवाले म्हणाले आणि तळाचा थर तेवढा सोडून सगळा चहा प्यायले.

आणि एका संध्याकाळी चेनवाले बाहेरच्या नळावर हात धुऊन दुकानात परत आले, तर वहिनी फळीपलीकडून म्हणाल्या, "भाऊ, दुकान बंद झालंय. उद्या या."

"अगं, मी आहे."

"उद्याच या हो. हे आत्ताच हात धुवायला गेलेत, दमलेत फार."

सगळ्या संसारात वहिनींनी त्यांना 'अहो'शिवाय हाक मारली नव्हती. रागावल्या तरी अहो, कौतुक केलं तरी अहो. चेनवाल्यांना वाटे, आपलं खरं नाव तेच आहे, पाटीवरचं राहिलं काय आणि उडालं काय. तो 'भाऊ' ऐकून ते बाहेर पायरीवर जाऊन बसले. थोड्या वेळाने वहिनीच बाहेर आल्या. "अहो, इथे काय बसलात? घरी नाही का जायचं?"

पुढे चेनवाल्यांना त्यातली मेख कळली. हातात पक्कड असली, मांडीवर बॅग असली, की ते हमखास 'अहो' असत. हातातलं काम सुटलं की त्यांचा भरवसा नसे. कधी अहो, कधी भाऊ. आणि भाऊ होण्याच्या वेळा वाढत चालल्या होत्या. म्हणून मग ते घरीसुद्धा एखादी मोडकी बॅग घेऊन येत आणि जेवण होईपर्यंत ती मांडीवर घेऊन बसत.

डॉक्टरांनी काही हातचं राखून ठेवलं नाही. "नवीन काही आता टिकायचं नाही. जुनं आहे तेही हळूहळू जाईल. त्यांची काही हौस राहिली असेल तर करून घ्या. पण लक्षात राहील अशी आशा धरू नका."

मुलीला फोनवर सांगितलं तेव्हा ती आधी रडली आणि मग चिडली. "आता? एवढी वर्षं नेलं नाहीत आणि आता? तिला कळणार तरी आहे का कुठे आलोय ते?"

"एकदा कळू दे," चेनवाले म्हणाले. "त्या पाण्यात उभी राहून एकदा म्हणू दे, 'अहो, आणलंत शेवटी.' मग विसरली तरी चालेल."

तिकिटं मुलीनेच काढून दिली.

ऐन हंगामात दुकानाचं शटर खाली आलं. बाजाराला वाटलं, चेनवाल्यांचं काही बरंवाईट झालं. लोक बंद शटरवर थापा मारत होते, तेव्हा हे दोघं विमानतळावर होते. वहिनींना रांगेत उभं राहवेना. चेनवाल्यांनी त्यांना एका बाकावर बसवलं, तपकिरी बॅग त्यांच्या पायांशी ठेवली, "इथून उठायचं नाही" असं बजावलं आणि चाकांच्या खुर्चीची सोय होते का ते विचारायला गेले.

वहिनी उठल्या नाहीत, सांगितलेलं ऐकलं. पण चेनवाले परत आले तेव्हा बाकावर त्यांच्या कपड्यांच्या घड्या रचलेल्या होत्या, वर गवती टोपी होती, शेजारी औषधांची पिशवी. पायांशी तपकिरी बॅग नव्हती. तिथे एक जांभळी बॅग तोंड वासून पडली होती.

"अगं, आपली बॅग?"

"दिली," वहिनी म्हणाल्या. "एक बाई होती, बिचारी रडायला आली होती हो. ऐन वेळी चेन गेली, कपडे सगळे खाली, आणि विमान सुटायची वेळ. नको नको म्हणत होती. मी म्हटलं, न्या खुशाल, पत्ता आत शिवलेला आहे, आल्यावर आणून द्या. हिची चेन तेवढी बघा तुम्ही."

चेनवाल्यांचा चेहरा बघून वहिनींनी त्यांचा हात धरला आणि त्यावर थोपटलं. "राहू दे यंदा. पुढच्या वर्षी जाऊ. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

तेव्हा चेनवाल्यांना रडू आलं. लोक बघत होते, त्यांना बघू दिलं. दर वर्षी हे वाक्य ऐकून त्यांना हायसं वाटायचं. ते बोलताना बायकोचा हात असा गार पडलेला असतो, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"नाही," डोळे पुसत ते म्हणाले. "यंदाच जायचंय." कपडे जांभळ्या बॅगेत कोंबले. चेन लागण्यातली नव्हतीच, म्हणून कमरेचा पट्टा काढून बॅगेला आवळला आणि एका हाताने पँट सावरत, दुसऱ्या हाताने वहिनींची खुर्ची ढकलत ते विमानाकडे निघाले.

बेट लोक सांगत होते तसंच निघालं. लोकांनी बाकी काही फुगवून सांगितलं असेल, पाण्याबद्दल नाही. त्यांना मिळालेली खोली लाकडी होती, वर संथ फिरणारा पंखा, बाहेर दोन वेताच्या खुर्च्या, आणि चार पावलं टाकली की वाळू. संध्याकाळी चेनवाल्यांनी वहिनींच्या डोक्यावर टोपी ठेवली, बंद हनुवटीखाली बांधला आणि हात धरून त्यांना पाण्यापर्यंत नेलं.

लाट आली, पायांवरून गेली आणि जाताना टाचांखालची वाळू ओढून घेऊन गेली. वहिनी दचकल्या आणि त्यांनी चेनवाल्यांचा दंड घट्ट धरला. मग हसल्या. इतकं मोकळं हसू चेनवाल्यांनी मुलगी लहान होती तेव्हापासून ऐकलं नव्हतं. पुन्हा लाट आली, पुन्हा हसल्या.

"कसं वाटतंय?" चेनवाल्यांनी विचारलं. त्यांचा जीव कानात गोळा झाला होता.

"फार छान," वहिनी म्हणाल्या. "तुमचे उपकार झाले, भाऊ."

"अगं, भाऊ काय? मी आहे. मी आणलंय तुला. बघ तरी माझ्याकडे."

वहिनींनी बघितलं आणि त्या घाबरल्या. हात सोडवून घेतला, दोन पावलं मागे सरकल्या आणि आजूबाजूला कुणी ओळखीचं दिसतंय का ते शोधू लागल्या. परका पुरुष एकदम 'अगं' म्हणून अंगाशी आल्यावर कुठलीही बाई घाबरेल तशाच घाबरल्या. पाणी त्यांच्या गुडघ्यांपर्यंत आलं होतं.

"बरं, बरं," चेनवाले घाईने म्हणाले. "घाबरू नका, बाई. लाट येतेय, हात धरा. मी काही बोलत नाही." वहिनींनी चाचपडत हात धरला. त्या दिवसापासून चेनवाले समुद्रावर बायकोला 'अहो बाई' म्हणू लागले.

बेटावर अर्धी राजधानी उतरलेली होती. एके सकाळी ते डूलवाले साहेब ओल्या चड्डीत समोर आले आणि थबकलेच. "चेनवाले! तुम्ही इथे? मग माझी बॅग?" "होऊन जाईल," चेनवाले सवयीने म्हणून गेले. साहेब काही बोलणार होते, पण त्यांनी वहिनींकडे पाहिलं, वहिनींनी त्यांना ओळखलं नाही हे पाहिलं, आणि "सावकाश होऊ द्या" म्हणून ते पुढे गेले.

दुपारी वहिनी झोपल्या की चेनवाले खोलीबाहेर बसून जांभळी बॅग दुरुस्त करत. माणूस बेटावर येऊन बॅग शिवतो म्हणजे कपाळाला हात लावायची गोष्ट. पण ती बॅग रीतीप्रमाणे त्यांच्याकडे दुरुस्तीला आलेली होती आणि रिकामे हात त्यांना सोसवत नव्हते. हॉटेलच्या माळ्याकडून त्यांनी पक्कड आणली. रनर सैल झाला होता, दाते पुष्कळ ठिकाणी वाकले होते. ते एकेक दाता सरळ करत होते, तोच मागून आवाज आला.

"अहो, किती वेळ ते? जेवून घ्या आधी."

चेनवाल्यांचा हात थांबला. त्यांनी मागे वळून बघितलं. दारात वहिनी उभ्या होत्या, जुन्या, नेहमीच्या, किंचित वैतागलेल्या. "हो, उठतोच," ते हळूच म्हणाले. "पण बघ ना, कुठे आलोय आपण? समोर बघ."

वहिनींनी समोर नजर टाकली. नारळाची झाडं, वाळू, पाणी, सगळं तिथेच होतं. "हो, बघितलं," त्या म्हणाल्या. "आधी हातातलं संपवा. ती बाई येईल एवढ्यात बॅग न्यायला." त्यांच्या लेखी तो बाजारातला रस्ता होता.

तेव्हा चेनवाल्यांच्या डोक्यात ते आलं. बॅग मांडीवर असली की आपण अहो. पाणी पायाशी असलं की बेट. मग दोन्ही एकदमच का नको? दुसऱ्या दिवशी त्यांनी जांभळी बॅग डोक्यावर घेतली, पक्कड खिशात टाकली, वहिनींना टोपी घातली आणि अगदी पाण्याच्या कडेला जाऊन फतकल मारली. बॅग मांडीवर घेतली. पोहणारे लोक बघत होते, पोरं फिदीफिदी हसत होती. चेनवाल्यांनी पक्कड चालवायला सुरुवात केली. लाट आली आणि दोघांचे पाय भिजवून गेली. वहिनी शेजारी बसल्या होत्या. त्यांनी पाण्याकडे बघितलं, मग चेनवाल्यांच्या हाताकडे, मग बॅगेकडे.

"अहो," त्या म्हणाल्या.

चेनवाल्यांनी मान वर केली. "काय?"

"वाळू जाईल ना चेनमध्ये! एवढं कळत नाही? आत चला बघू आधी. गिऱ्हाइकाची वस्तू आहे ती."

चेनवाले हसायला लागले आणि हसता हसता त्यांना हुंदका आला. खरंच होतं तिचं, वाळूइतका चेनला दुसरा वैरी नाही, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. त्यांनी बॅग उचलून मागे कोरड्या जागी ठेवली. तिच्यावर टॉवेल पांघरला, हात झटकले आणि परत येऊन शेजारी बसले. वहिनी आता समुद्राकडे बघत होत्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "पाणी किती निळं आहे, नाही?"

"आहे खरं, बाई," चेनवाले म्हणाले.

उरलेले दिवस त्यांनी बॅगेला हात लावला नाही. समुद्रावर भाऊ होऊन बसले. वहिनींना हात धरून पाण्यात नेत, टोपी उडाली की धावत जाऊन आणत, शहाळं फोडून हातात देत आणि "कसं वाटतंय?" असं पुन्हा पुन्हा विचारत. जे ऐकायला आले होते ते त्यांना ऐकायला मिळालं नाही. चेनवाल्यांच्या आयुष्यात त्यांनी वेळेवर पोचवल्या नाहीत अशा वस्तू पुष्कळ होत्या आणि त्यातली सगळ्यांत मोठी ही, असं त्यांनी परतीच्या लाँचमध्ये मनाशी कबूल केलं.

परत आल्यावर वहिनी आणखी खचल्या. घरात दिवसभर त्यांना करमत नसे, म्हणून चेनवाले त्यांना दुकानातच आणून बसवत. फळीमागची जागा मात्र त्यांना पक्की ठाऊक होती. गेल्या की बसायच्या आणि फडकं हातात घ्यायच्या.

एका दुपारी ती जांभळ्या बॅगेची मालकीण तपकिरी बॅग घेऊन आली. समुद्रकाठच्या आपल्या माहेरी गेली होती, परतायला उशीर झाला म्हणून फार ओशाळली होती. वहिनींनी तिला ओळखलं नाही. चेनवाल्यांनी तिची बॅग दिली, चेन ओढून दाखवली, आणि तिला रस्त्यापर्यंत सोडून आले. आत न जाता ते फळीच्या अलीकडे, गिऱ्हाइकं उभी राहतात तिथेच थांबले. वहिनींनी तपकिरी बॅग पुढ्यात ओढून घेतली होती. अस्तर उलटं केलं, शिवणीतून बोट फिरवलं, कागदावर वाळू झटकली. मग मान वर करून त्यांनी समोरच्या माणसाकडे बघितलं.

"मी जाऊन आले बरं का तिथे," त्या म्हणाल्या.

चेनवाल्यांनी फळीची कड धरली. नवीन काही टिकायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. "कुठे, बाई?"

"बेटावर. निळं पाणी असतं. पायाखालची वाळू सरकते, मग कुणाला तरी धरावं लागतं."

"कुणाबरोबर गेला होतात?"

वहिनींनी दाराकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "एक भला माणूस होता. त्याने नेलं. हात धरून नेलं अगदी. सारखा विचारायचा, कसं वाटतंय, कसं वाटतंय." त्यांनी वाळूच्या कागदाची घडी घातली. "आमच्या ह्यांना सांगू नका हं, भाऊ. वाईट वाटून घेतील. त्यांच्या मनात फार होतं मला न्यायचं. सवडच मिळाली नाही बिचाऱ्यांना."

"नाही सांगणार," चेनवाले म्हणाले.

"मला त्यांच्याबरोबर जायचंय एकदा," असं म्हणून वहिनी उठल्या. खालच्या कप्प्यातून घड्या काढल्या, बॅगेत एकावर एक लावल्या, आणि वर ती टोपी ठेवली. तिचा काठ आता एका बाजूने उसवला होता.

तेवढ्यात एक तरुण गिऱ्हाईक धापा टाकत दारात आलं. त्याच्या बॅगेचं चाक निखळलं होतं आणि त्याला आजच निघायचं होतं. "आज नाही झालं तर बदलीची तरी द्या. तुमच्याकडे देतात असं ऐकलंय." त्याने बोट केलं. "ती द्या ना, ती तपकिरी."

वहिनींचा हात लगेच टोपीकडे गेला. त्या बॅग रिकामी करणार, तोच चेनवाल्यांनी फळीवरून वाकून बॅगेवर हात ठेवला.

"नाही," ते म्हणाले. "ही नाही मिळायची."

"अहो, पण..."

"या बाईंच्या यजमानांनी बजावून ठेवलंय. ही बॅग कुणालाही द्यायची नाही. त्या दोघांना जायचंय."

वहिनी एकदम त्यांच्याकडे बघत राहिल्या. "असं म्हणाले हे?"

"म्हणाले."

"कधी?"

"आत्ताच. बाहेर जाता जाता."

वहिनींनी टोपी पुन्हा नीट बसवली आणि पितळी रनर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढला. चेन कुठे अडखळली नाही. मग त्यांनी गिऱ्हाइकांसाठी ठेवलेलं स्टूल चेनवाल्यांपुढे सरकवलं. "बसा ना, भाऊ," त्या हसत म्हणाल्या. "हे येतीलच एवढ्यात."

चेनवाले स्टुलावर बसले.